धरण तर होणारच होतं

मंगळवार, 8 जुलै 2025

भाच्याचा नकाशा आला. मोबाइलवर वाचायच्या गोष्टीचा नकाशा. वर एक चौकोन, त्यातून दोन फाटे, दोनांचे चार, आणि तळाशी तीन शेवट: लाल, पिवळा, हिरवा. गोष्ट मुळशी सत्याग्रहाची, वाचक अकरा ते चौदा वर्षांची मुलं, लिहिणारी मी, कोडिंग त्याचं. लाल शेवटात वाचक तुरुंगात जातो. पिवळ्यात मोबदला घेऊन गाव सोडतो. हिरव्यात धरण रद्द होतं.

हिरव्या चौकोनावर मी फुली मारली आणि फोटो परत पाठवला. लगेच फोन.

"मावशी, मग निवडीला अर्थ काय राहिला? मुलं म्हणतील, काहीही दाबा, होतंय तेच."

झालंही तेच होतं. टाटा पॉवर कंपनीला मुळा नदीवर धरण बांधायचं होतं, पाणी सह्याद्रीपलीकडे भिऱ्याला उतरवून मुंबईसाठी वीज करायची होती. सरकारनं 1894 च्या भूसंपादन कायद्याखाली कंपनीला जमीन मिळवून दिली. 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे कामाच्या जागी जाऊन बसले. काम काही काळ थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे आणि त्यांच्याबरोबरची माणसं, त्यांत बायकाही, तुरुंगात गेली. 1924 संपता संपता लढा विझला आणि 1927 मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. यातली एकही तारीख बारा वर्षांच्या पोराच्या अंगठ्यानं हलणार नाही. हललेली मला चालणारही नाही. ज्यांची खाचरं पाण्याखाली गेली त्यांची पणतवंडं या तालुक्यातल्या शाळांत बसतात. त्यांच्या हातात आपण हे देणार, आणि वर सांगणार की तुझ्या पणज्यानं दुसरं बटण दाबलं असतं तर गाव वाचलं असतं?

एवढं भाच्याला पटलं. मग म्हणाला, "ठीक आहे. पण मग बटणं हवीत कशाला? सरळ पुस्तक लिही."

प्रश्न रास्त आहे. झोपेपर्यंत उत्तर सापडलं नाही.


गुरुवार, 10 जुलै

कालपासून पाऊस मोजून मापून पडतोय असं वाटत नाही, ओततोय. घराच्या मालकीणबाई, म्हणजे काकी, सकाळी इरलं घेऊन लावणीला गेल्या. इथं पौडच्या बाजूला अजून आंबेमोहर लावणारे आहेत, पण काकींच्या खाचरात इंद्रायणी. "उतारा बरा पडतो," एवढंच स्पष्टीकरण.

मी चेकोस्लोव्हाकियाचा विचार करत बसले. 1967 साली माँट्रियलच्या जागतिक प्रदर्शनात त्या देशाच्या दालनात एक सिनेमा दाखवला गेला, 'किनोऑटोमॅट' नावाचा. रादूझ चिंचेरा याची कल्पना. प्रत्येक खुर्चीला दोन बटणं, लाल आणि हिरवं. मधेच सिनेमा थांबायचा, मंचावर एक माणूस येऊन विचारायचा: नोव्हाक साहेबांनी आता काय करावं? लोक मत द्यायचे, बहुमताचं दृश्य पडद्यावर यायचं. जगातला पहिला असा सिनेमा म्हणून त्याचं नाव घेतात. पण मेख वेगळीच आहे. सिनेमा सुरू होतो तोच इमारतीला लागलेल्या आगीनं, आणि प्रेक्षकांनी काहीही निवडलं तरी शेवटी इमारत जळतेच. दोन्ही फाटे पुढच्या प्रश्नाआधी गुपचूप एकमेकांना येऊन मिळतात. तसे मिळवले नसते तर प्रत्येक प्रश्नाला रिळं दुप्पट होत गेली असती आणि सिनेमा कधीच पुरा झाला नसता. पैशाची नड होती, हे खरं. पण चिंचेराला मतदानाची थट्टाही करायची होती, असं सांगतात. त्या देशात त्या काळी मतदान कसलं असायचं हे ठाऊक असलेल्या माणसाला ती थट्टा लगेच कळली असणार.

म्हणजे शेवट एकच ठेवणं हा काही गुन्हा नाही. चिंचेरानं तर आग आधीच दाखवून टाकली होती. मीही तसंच करायचं का? पहिल्याच पडद्यावर जलाशय. आज ताम्हिणीला जाताना रस्त्याच्या कडेला दिसतो तोच, कणसं भाजणाऱ्या टपऱ्या आणि सेल्फी काढणाऱ्या पोरांसकट. त्याखाली एक ओळ, की आता मागं जाऊ.

भाच्याला कळवलं. उत्तरात एक अंगठा आला, नाखुशीचा वाटावा असा.


शनिवार, 12 जुलै

सकाळची शाळा. सहावी-सातवी एकत्र बसवली. मोबाइल नाहीत, म्हणून पहिला भाग सुट्या कागदांवर लिहून नेला होता. प्रत्येक कागदाला आकडा आणि खाली 'मोबदला घ्यायचा असेल तर कागद 7, नसेल तर कागद 9' असं. चार गट. भूमिका एकच: तू मुळशी पेट्यातला कुळवाडी, घरात आई, बायको, दोन पोरं, बैलजोडी.

वर्गात पंखा नव्हता, पण गोंगाट भरपूर. मोबदल्याच्या प्रश्नावर एक गट इतका भांडला की मॅडमना मधे पडावं लागलं. एकाचं म्हणणं, पैसे घ्यायचे आणि तरीही जायचं नाही. तसा कागद मी लिहिलेलाच नव्हता. "पण मला तेच करायचंय," तो म्हणाला. त्याचं नाव शेजारच्यानं सांगितलं आणि वर पुस्ती जोडली, "मॅडम, हा नेहमी असंच करतो."

शेवटच्या बाकावरच्या एका मुलानं तेवढ्यात चारही गटांचे कागद गोळा करून सगळे वाचून काढले. धरण थांबतं असा कागद कुठं आहे ते तो शोधत होता. नाही म्हटल्यावर त्यानं कागद माझ्यापुढं ठेवले आणि विचारलं:

"मग आम्हाला विचारलं कशाला?"

वर्ग गप्प झाला, कारण प्रश्न सगळ्यांचाच होता. मी काही बोलायच्या आत पुढच्या बाकावरची मुलगी वळून त्याला म्हणाली, "मी जेलात गेले ना. तू पैसे घेतलेस."

"धरण तर झालंच."

"हो, पण तू पैसे घेतलेस."

यावर त्याला काही सुचेना. मलाही नाही. मॅडमनी घंटा झाली म्हणून सुटका केली.

घरी येताना तो पोरगा आठवत राहिला. एडवर्ड पॅकर्ड या अमेरिकी लेखकानं 1979 च्या 'द केव्ह ऑफ टाइम'सारखी फाटे फुटणारी पुस्तकं मुलांसाठी लिहिली, 'हे करायचं तर अमुक पानावर जा' पद्धतीची. त्यातल्या 'इनसाइड यूएफओ 54-40' या 1982 च्या पुस्तकात अल्टिमा नावाचा स्वर्गासारखा ग्रह आहे. कुठलाही पर्याय निवडून तिथं पोचता येत नाही. ते पान पुस्तकात आहे, पण त्याकडे नेणारी वाटच नाही. जे मूल नियम मोडून पानं चाळेल त्यालाच ते सापडतं. ते पान म्हणजे पॅकर्डनं अशा पोरांसाठी ठेवलेलं बक्षीसच. माझ्याकडे त्या मुलाला द्यायला असं पान नाही. इतिहासानंच ते छापलेलं नाही.


रविवार, 13 जुलै

भाचा हिंजवडीहून आला. चाळीस मिनिटांची वाट, आज पावणेदोन तास. येताना खरवस आणला, म्हणजे भांडायच्या तयारीनं आला होता.

त्यानं मला एक गेम दाखवला, 'द वॉकिंग डेड', टेलटेल कंपनीचा, 2012 चा. मेलेली माणसं उठून चावतात, त्यातून एका लहान मुलीला सांभाळत न्यायचं. सुरुवातीलाच एका शेतावर हल्ला होतो, आणि दोघांपैकी कुणाला वाचवायचं ते खेळणाऱ्यानं ठरवायचं: शेतकऱ्याचा तरुण मुलगा, की पाहुण्यांचा लहान मुलगा. आम्ही एकदा एक निवडला, एकदा दुसरा. दोन्ही वेळा शेतकऱ्याचा मुलगा मेला.

"बघ," मी म्हटलं. "तुझ्या लाडक्या गेममध्येही धरण होतंच."

"हो, पण लोक चिडले होते यावर. निवड खोटी आहे म्हणून."

"सगळे?"

"सगळे नाही," त्यानं कबूल केलं. मग तो ज्यासाठी आला होता ते दाखवलं. त्या गेममध्ये तुम्ही काही बोललात की कोपऱ्यात एक ओळ येते, की क्लेमेंटाइन हे लक्षात ठेवेल. क्लेमेंटाइन म्हणजे ती मुलगी. पुष्कळदा त्या लक्षात ठेवण्यानं पुढं फारसं काही बदलत नाही. तरी ती ओळ वाचली की खेळणारा सावरून बसतो. कुणीतरी बघतंय.

यावर मी तासभर बोलले असेन, त्यानं खरवस संपवला. माझं म्हणणं थोडक्यात असं. निवडीनं गोष्टीचा शेवट फिरलाच पाहिजे ही अट चुकीची आहे. निवड वाचकाच्या अंगाला चिकटली पाहिजे, आणि गोष्टीत कुणीतरी तिची नोंद घेणारं पाहिजे. वर्गातल्या त्या मुलीनं तेच केलं: शेवट सोडून दिला आणि शेजाऱ्याची नोंद घेतली. फसवणूक कुठं होते? शेवट तुमच्या हातात आहे असं गोष्ट भासवते तिथं. आमचा पहिला पडदाच जलाशयाचा असेल तर हे भासवणं संपलं.

भाचा म्हणाला, "म्हणजे फक्त अपराधी वाटायला लावायचं? पोरांना?"

यात तथ्य आहे. नोंद घेणं म्हणजे हिशेब मागणं नव्हे. हे कसं सांभाळायचं ते ठरलेलं नाही.

निघताना त्यानं आणखी एक दाखवलं. 'डिप्रेशन क्वेस्ट' नावाची 2013 ची एक साधी, मजकुराचीच गोष्ट. नैराश्यात असलेल्या माणसाची. त्यात चार पर्याय दिसतात, पण वरचे एक-दोन खोडलेले असतात. वाचता येतात, दाबता येत नाहीत. शहाण्या माणसानं काय केलं असतं ते समोर दिसतंय आणि ते करायचं बळ या माणसात उरलेलं नाही.

हे पाहिल्यावर मी त्याला थांबवून वहीत लिहून घेतलं. कारण राजेंद्र व्होरा यांनी मुळशीवर जे लिहिलंय त्यातली सर्वांत टोचणारी गोष्ट हीच आहे. पेट्यातल्या पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांच्या नावावर होत्या किंवा त्यांच्याकडे अडकलेल्या होत्या. राबणारा मावळा कूळ. सावकारही सुरुवातीला विरोधात होते, पण त्यांना हवा होता तो वाढीव मोबदला, आणि मावळ्याला हवी होती जमीन. मोबदला मिळाला तरी त्यातलं कुळाच्या हाती काय पडणार? मग मी वर्गात 'मोबदला घ्यायचा की नाही' असं विचारलं तेव्हा नक्की कुणाला विचारत होते? कुळाच्या पडद्यावर ते बटण खोडलेलं असायला हवं. सावकाराच्या पडद्यावर उघडं.

म्हणजे भूमिका एक नको. दोन. तोच प्रश्न, तेच शब्द, आणि एकाच्या पडद्यावर बटण चालतं, दुसऱ्याच्या नाही. भाचा गाडीत बसल्यावर खिडकी खाली करून म्हणाला, "मावशी, हे कोडिंगला एकदम सोपं आहे." त्याच्याकडून यापेक्षा मोठी शाबासकी मिळत नाही.


बुधवार, 16 जुलै

दिवसभर वेताळ डोक्यात. सदाशिव काशिनाथ छत्र्यांनी 'वेताळपंचविशी' मराठीत आणली ती 1830 च्या सुमारास, म्हणजे छापील मराठी गद्य नुकतं उभं राहत होतं तेव्हा. त्याआधी आणि नंतर ती तोंडोतोंडी आहेच. कुणी म्हणेल, यात वाचकाला काय निवडायचंय? काहीच नाही. राजालाही फारसं नाही. उत्तर माहीत असून गप्प बसला तर डोक्याची शकलं होणार, आणि बोलला तर मौन मोडलं म्हणून प्रेत परत झाडावर. अडकित्त्यात धरलेला राजा. तरीही लहानपणी आम्ही त्या गोष्टी ऐकायचो तेव्हा प्रश्न आला की सांगणारी आत्या थांबायची, आणि आम्ही तावातावानं आपापलं उत्तर द्यायचो. तिघांतला खरा नवरा कोण? मग विक्रमाचं उत्तर यायचं आणि ते आपल्याशी जुळलं नाही तर आम्ही विक्रमालाच नावं ठेवायचो. प्रेत झाडावर जाणार हे सगळ्यांना पाठ होतं. त्यानं आमच्या भांडणाची धार कमी व्हायची नाही.

उलट ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगतात तो मोक्षपट घ्या, आजच्या सापशिडीचा पूर्वज. त्यात शेवट पूर्ण उघडा, कुणीही जिंकू शकतं, आणि खेळणाऱ्याला निवड शून्य. कवड्या म्हणतील तसं. शेवट उघडा असणं आणि निवड असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाच्याच्या नकाशात त्या एक झाल्या होत्या.

वेताळाच्या शेवटच्या गोष्टीत राजाला उत्तर येत नाही आणि तो गप्प राहतो. गोष्ट तिथं पुढं सरकते. यावर अजून विचार करायला हवा.


शनिवार, 19 जुलै

शाळेला सुट्टी दिली, पावसामुळे. दुपारी काकींचे दीर आले. सत्तरीपुढचे, सगळे त्यांना बाबा म्हणतात. मी काय करते हे काकींनी सांगितलेलं होतं. त्यांनी कागद मागितले नाहीत, पण सावकाराचं बटण आणि कुळाचं बटण हे मी सांगितलं तसं ऐकलं, आणि म्हणाले, "आमच्या टायमाला बटण चालू होतं. लईच चालू होतं."

त्यांची गोष्ट या तालुक्यात घरोघरची आहे. हिंजवडी याच तालुक्यातली. तिथं आयटी पार्क आलं, मग इकडे फार्महाऊसचे प्लॉट, तिकडे दासव्याला लवासा. जमिनीचा भाव एकराचा होता तो गुंठ्याचा झाला. एजंट दारात चपला काढून बसायचे. बाबांनी रस्त्याकडेचा तुकडा विकला. त्यातून घर झालं, एक लग्न झालं, एक गाडी आली. गाडी आता नाही. "गुंठामंत्री म्हणायचे लोकं. मंत्रीपद टिकतं व्हय कुणाचं?" असं म्हणून स्वतःच हसले.

प्रवीण तरडे यांचा 'मुळशी पॅटर्न' 2018 मध्ये आला तेव्हा इथल्या लोकांनी तो कसा पाहिला ते मी त्यांना विचारलं. बापानं जमीन विकली, पोरगा गुन्हेगारीत गेला, असा तो सिनेमा. बाबा म्हणाले, "पोरांना मारामारी आवडली. मला पहिली पाच मिंटं."

मग मी विचारलं, नसती विकली तर?

"शेजारच्यानं इकलीच असती. कंपाउंड पडलं असतं, वाट बंद. मग काय हेलिकॉप्टरनं जाणार होतो का खाचरात?" थोड्या वेळानं म्हणाले, "न्हाई म्हणता आलं असतं. न्हाई असं न्हाई. पर न्हाई म्हणणारा एकटा पडतो."

1921 च्या माणसाचं बटण खोडलेलं, आणि 2005 च्या माणसाचं इतकं उघडं की त्याला बोट लावायच्या आत ते दाबलं जातं. बाबांची गोष्ट या अ‍ॅपमध्ये घालायचा मोह मी रात्रीपर्यंत आवरला. ती दुसरी गोष्ट आहे, आणि तिच्यातली माणसं जिवंत आहेत. पण 'एकटा पडतो' हे मात्र घेते. आमच्या गोष्टीत वाचक जे निवडेल त्यानुसार त्याच्या शेजारी कोण उभं राहतं ते बदलेल. धरणाला काही होणार नाही. पारावर कोण सरकून जागा देतं आणि कोण तोंड फिरवतं, एवढं बदलेल.

भाच्याला हा निरोप टाकला. तो म्हणाला, मग पात्रं वाढव. वाढवते.


मंगळवार, 22 जुलै

सेनापती बापटांचं काय करायचं? भाच्याला वाटतं वाचकानं एक भाग तरी सेनापती बनून खेळावा. मुलांना नायक लागतो. मला हे अजिबात नको आहे आणि आज त्याला लांबलचक पत्रच लिहिलं.

पारनेरचा हा माणूस, शिष्यवृत्तीवर एडिंबरोला गेला, पॅरिसमध्ये बॉम्ब तयार करायची कृती शिकून आला, आणि मग मुळशीच्या मावळ्यांत येऊन उभा राहिला. सेनापती ही पदवी त्यांना या लढ्यानं दिली. डिसेंबर 1924 मध्ये, बाकीचे थकले होते, पुष्कळांनी मोबदला घेतला होता, तेव्हा बापट आणि काही साथीदारांनी धरणाच्या कामाची गाडी अडवली. गांधीजींच्या अहिंसेच्या चौकटीत ते बसणारं नव्हतं, बापटांनाही ते ठाऊक होतं. सात वर्षांची सजा झाली. सुटले ते 1931 मध्ये. तोवर धरणात चार पावसाळे भरून गेले होते.

या प्रसंगात वाचकाच्या हाती 'गाडी अडव' आणि 'परत फीर' अशी दोन बटणं द्यायची? बापटांनी जे ठरवलं ते ठरवलं, त्याची किंमत तुरुंगात मोजली. ते मुलानं सोफ्यावर लोळत पुन्हा ठरवणं मला पोरकट वाटतं. 'परत फीर' दाबल्यावर बापट परत फिरले असं दाखवणार का? मग ती बदनामी. दाखवणार नसू, तर मग चिंचेराची युक्ती, आणि तीही खरोखर होऊन गेलेल्या माणसावर. इतिहासात ज्यांचं नाव आहे त्यांच्या निवडी त्यांच्याच राहू द्याव्यात. वाचकाला जागा आहे ती ज्यांची नावं कुठं लिहिली गेली नाहीत त्यांच्यात. रात्री दारावर थाप पडते, बाहेर दोघं उभे आहेत, गाडी अडवायला निघालेत, भाकरी मागताहेत. भाकरी दिली तर उद्या पोलीस विचारतील. एवढंच बटण. या रात्रीची नोंद कुठल्याच कागदात नाही, म्हणून ती मला लिहिता येते.

इथं एक शंका भाच्यानं काढली आणि ती नोंदवून ठेवते: भाकरी नाकारणाऱ्या मुलाला गोष्ट वाईट ठरवणार का? नाही. नाकारणाऱ्याच्या घरात दोन लहान पोरं आहेत, हे त्याच पडद्यावर दिसलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी गाव त्यालाही पाणी भरू देतं. रविवारचा तो अपराधीपणाचा प्रश्न मला वाटतं इथं सुटतो. गोष्टीनं लक्षात ठेवावं, पण निकाल देऊ नये. निकाल मुलं आपसात देतात, आणि तो आपण ठरवू तितका सौम्य कधीच नसतो.


गुरुवार, 24 जुलै

दिव्यांची अमावस्या. काकींनी घरातले सगळे दिवे घासून पाटावर मांडले, कणकेचे दिवे उकडले. वीज दुपारपासून नाही. मुळशीत बसून याच्यावर काही लिहिणं म्हणजे फारच सोपं काम, तेव्हा लिहीत नाही.

लॅपटॉप बंद, म्हणून पात्रांची यादी हातानं केली. म्हातारी आई, जी तळ्यातल्या देवाला सोडून जायला तयार नाही. पुण्याहून आलेला सावकाराचा कारकून. स्वयंसेवक मुलगा, कॉलेज सोडून आलेला, ज्याला भाताचं रोप ओळखता येत नाही. शेजारी, ज्यानं आधीच मोबदला घेतलाय आणि कुणाला सांगितलेलं नाही. हा शेवटचा सगळ्यांत चांगला जमलाय. त्याचं बटण आपल्या हातात नाही. ते त्यानं गोष्ट सुरू व्हायच्या आधीच दाबलंय.


शनिवार, 26 जुलै

शाळा. या वेळी भाचाही सुट्टी टाकून आला, दोन टॅबलेट घेऊन. निम्मा वर्ग कूळ, निम्मा सावकार. पहिल्या पडद्यावर जलाशय आला तेव्हा शेवटच्या बाकावरचा तो मुलगा म्हणाला, "आधीच सांगून टाकलं यांनी," आणि टॅबलेट जवळ ओढून घेतला. पानं चाळायची सोय आता नाही, पण त्याला ती लागली नाही.

खोडलेलं बटण कुळांच्या गटानं दहा वेळा तरी दाबून पाहिलं. बिघडलंय म्हणून भाच्याला बोलावलं. तो म्हणाला, बिघडलेलं नाही. "मग त्यांच्याकडं का चालतंय?" असं म्हणून ते सावकारांच्या टॅबलेटपाशी गेले, आणि वर्गात जे भांडण झालं त्यासाठी कुठल्याही इतिहासाच्या धड्याला मी पैसे मोजले असते. मॅडम दारात उभ्या राहून ऐकत होत्या, मधे पडल्या नाहीत.

भाकरीच्या रात्रीपाशी मात्र घोटाळा. मागच्या वेळी 'पैसे घेणार पण जाणार नाही' म्हणणारा मुलगा इथं अडला. देऊ की नको, ठरवेना. गटातले ओरडू लागले. त्यानं टॅबलेट मांडीवर उपडा ठेवला. पाच मिनिटं गेली. मग म्हणाला, "मी आवाजच ऐकला नाही. झोपलोय."

भाचा आणि मी एकमेकांकडे पाहिलं. असं माणसं करतातच. त्या रात्री किती घरांत करत असतील. पर्याय नाही म्हणून मी तिसरं बटण लिहायला निघाले होते, 'झोपेचं सोंग घे' असं, भाच्यानंच अडवलं. बटण दिलं तर ती निवड ठरते, आणि पोराला नेमकी निवडच टाळायची होती. वेताळाच्या शेवटच्या गोष्टीतला राजा मला इथं सापडला, म्हणून मी भाच्याला म्हटलं, मग काहीच देऊ नकोस. पडदा तसाच राहू दे. तीन मिनिटं कुणी हात लावला नाही तर दारावरची थाप थांबते, पावलं लांब जातात, सकाळ होते. शेजारीपाजारी काही विचारत नाहीत. गोष्ट पुढं जाते.

परतीच्या वाटेवर गाडीत भाचा कुरकुरत होता. तीन मिनिटं काही हललं नाही तर लोकांना वाटेल अ‍ॅप अडकलं, ते बंद करतील, वर एक तारा देतील. दीड मिनिटावर तडजोड करू म्हणतो. मी दोनवर आले आहे. पिरंगुटला चहा घेऊन पुन्हा बोलू असं ठरलंय.